पावसाच्या पाण्यापासून घराचे रक्षण

शेतकऱ्याच्या मिळकतीत जमीन, विहीर, जनावरे व अवजारे यांची गणना होते. परंतु राहते घर हीदेखील मिळकतच आहे, ही गोष्ट बहुधा विसरली जाते. पिकावर कीड दिसली तर आपण दुसऱ्या दिवशी औषधाच्या मागे लागतो, बैल लंगडला तर गुरांच्या डॉक्टरास आणतो. पण माजघराच्या भिंतीवर ओल उमटली तर "पाऊस सरला की वाळेल" असे म्हणून तिच्याकडे पाठ फिरवितो. ओल वाळते हे खरे. तिने केलेले नुकसान मात्र भिंतीच्या पोटात साठत जाते, आणि एखाद्या वर्षी भिंतच खाली येते.

आम्ही महसूल खात्यात कारकुनी करून निवृत्त झालो. नोकरीच्या काळात दर पावसाळ्यात पडझडीचे पंचनामे आमच्या मेजावर येत. गावे निरनिराळी, अक्षरे निरनिराळी, पण मजकूर बहुतेक एकच: "अतिवृष्टीमुळे घराची मागील भिंत पडली." ते कागद लावून ठेवता ठेवता एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. त्याच पावसात, त्याच आळीतली, तशीच मातीत बांधलेली दुसरी घरे उभी राहिलेली असत. पाऊस सर्वांवर सारखाच पडला होता. फरक होता तो त्या पाण्यास जावयास वाट होती की नव्हती एवढाच. ह्या लेखात आम्हांस जे सांगावयाचे आहे, ते सर्व ह्या एका गोष्टीतून निघते.

१. पाणी किती, याचा हिशेब

कोणत्याही कामास आरंभ करण्यापूर्वी हिशेब मांडावा, अशी आमची जुनी सवय आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी होते. तीस फूट लांब व चाळीस फूट रुंद अशा घराचे छप्पर सुमारे १११ चौरस मीटर भरते. एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस झाला, तर त्या एकट्या छपरावरून ११,००० लिटरांहून अधिक पाणी खाली येते. म्हणजे दोनशे लिटरांची पंचावन्न पिंपे. एवढे पाणी पागोळ्यांवाटे जोत्याच्या पायथ्याशीच पडत राहिले आणि तेथेच जिरले, तर पाया किती दिवस दम धरील, हे वाचकांनीच ठरवावे.

हाच हिशेब शेतास लावावा. एक एकर जमिनीवर १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे चार लाख लिटर पाणी. आमच्या मुळशी तालुक्यात भाताची खाचरे आहेत. खाचराचा बांध सहा इंच उंच धरला, तरी एका एकराच्या खाचरात सहा लाख लिटर पाणी उभे राहू शकते. म्हणजे शंभर मिलिमीटरचा पाऊस ते खाचर आपल्या पोटात घेऊन सावकाश सोडते. तीच एकरभर जागा सिमेंटने झाकली, म्हणजे ते चार लाख लिटर पाणी तासा-दोन तासांत खालच्या शेजाऱ्याच्या दारी जाऊन उभे राहते.

हे केवळ कागदी गणित नव्हे. आमचे गाव हिंजवडी. गेल्या शतकाच्या अखेरीस येथे औद्योगिक विकास महामंडळाने राजीव गांधी माहिती-तंत्रज्ञान उद्यान वसविले, आणि हिंजवडी, माण व मारुंजी या गावांची शेते पाहता पाहता इमारतींखाली गेली. गावात पैसा आला, मुलांना कामे मिळाली. ते कोणी नाकारणार नाही. परंतु दिनांक ७ जून २०२५ रोजी, मृगाच्या तोंडावर, मोठा पाऊस झाला, तेव्हा येथील रस्त्यांचे ओढे झाले आणि वाहने पाण्यात अडकली. पुढे पाहणी झाली, तेव्हा ठिकठिकाणी नैसर्गिक ओढे-नाले बुजविलेले, वळविलेले वा अरुंद केलेले आढळले, व ते मोकळे करण्याचे काम शासकीय यंत्रणांस हाती घ्यावे लागले. ओढा बुजविता येतो. पण त्यातून जाणारे पाणी बुजविता येत नाही.

२. ओलीचा पंचनामा

दुरुस्तीस लागण्यापूर्वी पाणी कोठून येते हे निश्चित करावे. वैद्य जसा नाडी पाहिल्याशिवाय मात्रा देत नाही, तद्वत् कारण समजल्याशिवाय गवंड्यास बोलावू नये. पुढील चार खुणांवरून कारण बहुधा समजते.

पहिली खूण: डाग भिंतीच्या माथ्याशी किंवा छतास असून पाऊस पडताच वाढतो. हे पाणी वरून, म्हणजे कौलांतून, पत्र्यातून वा गच्चीतून येते.

दुसरी खूण: ओल भिंतीच्या पायथ्याशी असून दोन-तीन फुटांपर्यंत चढलेली आहे, गिलावा फुगून त्याच्या पापड्या निघतात व वर पांढरा लोणा फुटतो. हे पाणी जमिनीतून येते. दिव्याची वात जसे तेल वर ओढून घेते, तशी माती, वीट व चुना ही खालचे पाणी वर ओढून घेतात.

तिसरी खूण: डाग भिंतीच्या मध्यावर, आणि तोही पश्चिमेच्या वा नैर्ऋत्येच्या अंगास. ही झडीची ओल होय.

चौथी खूण: भर वैशाखातही ओल हटत नाही. येथे पावसास दोष देऊ नये. न्हाणी, मोरी किंवा भिंतीतला नळ गळत आहे असे समजावे.

३. छप्पर

कौलारू घराच्या पाख्यास दर दोन हात आडव्या अंतरास निदान एक हात उंची असावी. घाटमाथ्याकडे, जेथे पाऊस फार, तेथे उतार याहून अधिक ठेवावा. उतार कमी पडला की पाणी रेंगाळते, आणि रेंगाळलेले पाणी वाऱ्याच्या जोराने सांध्यातून उलटे वर चढते. जुन्या नळीच्या कौलांची शाकारणी दरवर्षी करावी लागते. मंगळूर येथे बासेल मिशनने सन १८६५ मध्ये पहिला कारखाना काढला, तेव्हापासून प्रसार पावलेली मंगलोरी कौले एकमेकांत अडकून बसतात; त्यांस दरवर्षी परतावे लागत नाही, तथापि दरवर्षी पाहावे मात्र लागते. माकडे, मांजरे व झाडाच्या फांद्या त्यांस हालवितात. नवे कौल घेताना बोटाच्या पेराने वाजवून पाहावे. चांगले भाजलेले कौल खणखणते, कच्चे वा तडकलेले बद्द वाजते. आढ्याच्या कौलांखालचा चुना-सिमेंट निखळला असेल, तर सर्वांत आधी तो भरावा.

पत्र्याच्या छपरास खिळा किंवा बोल्ट नेहमी पन्हळीच्या उंचवट्यावर मारावा. खळग्यात मारू नये, कारण सर्व पाणी खळग्यातून वाहते. वरचा पत्रा खालच्यावर निदान सहा इंच चढलेला असावा.

आता गावोगावी सिमेंटच्या गच्च्या झाल्या आहेत. पुष्कळांची समजूत अशी की, गच्ची झाली म्हणजे छपराची चिंता मिटली. ती खरी नव्हे. गच्चीवर पाणी तुंबले, की ते बारीक भेगांतून आतल्या लोखंडी सळईपर्यंत पोचते. सळई गंजली म्हणजे फुगते, आणि फुगताना भोवतालचे काँक्रीट फोडून टाकते. छताचे ढलपे पडू लागले, की दुखणे पुढच्या पायरीवर गेले असे समजावे. सबब गच्चीस दर दहा फुटांस निदान सव्वा इंच उतार द्यावा. विटांच्या तुकड्यांचा कोबा करताना उतार पन्हळीच्या तोंडाकडे आहे ना, हे बादलीभर पाणी ओतून स्वतः पाहावे. गच्ची व कठडा यांच्या सांध्यात सिमेंटचा गोलसर कोपरा, ज्यास गवंडी वाटा म्हणतात, तो अखंड असावा. आणि पन्हळीचे तोंड पानांनी, चेंडूने वा वाळत घातलेल्या चिंधीने बंद झाले नाही ना, हे पावसाळ्यात आठवड्यातून एकदा पाहावे. ह्या कामास पैसा लागत नाही. म्हणूनच ते राहून जाते.

वळचण दोन ते अडीच फूट बाहेर काढलेली असावी. जुन्या घरांस खोल पडव्या असत, त्या केवळ बसण्यासाठी नव्हत्या. भिंत कोरडी राहावी हा त्यांचा मुख्य उपयोग होता. पश्चिमेच्या भिंतीस कारवीचा किंवा गवताचा आडोसा चार महिने उभा करण्याची आमच्याकडील रीतही ह्याच हेतूची आहे. घर आधुनिक केले म्हणून ती टाकून देऊ नये.

४. भिंत व जोते

घराचे जोते भोवतालच्या जमिनीपेक्षा निदान दीड फूट उंच असावे, आणि जेथे पूर्वी एकदा पाणी चढले असेल, तेथे त्या खुणेच्याही वर असावे. येथे एक फसवणूक नकळत घडते. जोते जेथल्या तेथेच राहते, पण समोरचा रस्ता दर डांबरीकरणात चार बोटे वर चढतो. वीस वर्षांनी घर रस्त्याच्या खाली जाते व उंबऱ्यावरून पाणी आत येते. नवे घर बांधणाऱ्याने आजचा रस्ता पाहू नये. पुढील पिढीचा रस्ता मनात धरून जोते ठरवावे.

नवीन बांधकामात जोत्याच्या माथ्यावर, भिंत सुरू होण्यापूर्वी, दीड इंच जाडीचा भक्कम काँक्रीटचा थर घालून त्यावर डांबराचे दोन हात द्यावे. येणेकरून खालची ओल वर चढण्याची वाट तुटते. हा थर भिंतीच्या पूर्ण रुंदीचा व अखंड असावा. एका कोपऱ्यात जरी राहिला, तरी ओल तेथून चढते. जुन्या घरांत काळ्या दगडाचे जोते हेच काम पुष्कळ अंशी करीत असे.

मातीत रचलेल्या जुन्या भिंतीस सिमेंटचा गिलावा करण्याची चाल पडली आहे. ती घातक आहे असे आमचे स्पष्ट मत आहे. मातीची भिंत पावसाळ्यात थोडी ओल घेते आणि उन्हाळ्यात ती बाहेर टाकते. वरून सिमेंटचे कातडे चढविले, म्हणजे ओल आत शिरावयास भेगा सापडतात, पण बाहेर पडावयास वाट राहत नाही. भिंत वरून ठणठणीत दिसते व आतून चिखल होते. अशा भिंतीस चुन्याचा किंवा मातीचाच गिलावा करावा. तो दर काही वर्षांनी पुन्हा करावा लागतो खरा, पण भिंत राखतो.

घुशींची बिळे, भिंतीत उगवलेले पिंपळ-उंबर आणि वाळवी ही पाण्याची तीन हस्तके आहेत. घूस जोत्याखाली बीळ पाडते व पाणी त्यातून पायात शिरते. पिंपळाचे मूळ सांधा उकलते. वाळवी तर ओलीच्याच मागोमाग येऊन तुळया पोखरते. बिळे दगड व काँक्रीटने बुजवावी. रोप बोटाएवढे असतानाच मुळासकट काढावे. मनगटाएवढे झाल्यावर ते काढताना भिंत त्याच्याबरोबर येते.

५. घराभोवतीची जमीन

काळ्या जमिनीवर घर असणाऱ्यांनी विशेष जपावे. काळी माती पाण्याने फुगते व उन्हाने आकसून भेगाळते. हे फुगणे-आकसणे पायाखाली एका बाजूस अधिक व दुसऱ्या बाजूस कमी झाले, म्हणजे भिंतीस तिरक्या चिरा जातात. ह्यास्तव पाया काळी माती ओलांडून मुरमापर्यंत किंवा कातळापर्यंत न्यावा, आणि जोत्यात भर घालताना मुरूम घालावा. खणून निघालेली काळी माती पुन्हा आत लोटू नये.

घराच्या चारही अंगांस तीन फूट रुंदीची फरसबंदी करावी व तिला बाहेरच्या बाजूस दीड इंच उतार द्यावा. पागोळ्यांचे पाणी तिच्यावर पडून पुढे चरीत जावे आणि चरीतून ओढ्यास मिळावे. न्हाणीचे पाणी भिंतीलगत केळीच्या आळ्यात सोडण्याची रीत आहे. केळ भिंतीपासून निदान दहा-बारा फूट दूर लावावी, म्हणजे केळही पोसते व पायाही वाचतो.

चर उघडी असावी, आणि झाकणे भागच असेल तर वर उचलता येतील अशा फरश्या टाकाव्या. जमिनीत गाडलेला अरुंद नळ गाळाने केव्हा भरला हे कळत नाही. जी चर दिसत नाही, ती साफही होत नाही.

६. आमच्या हातून झालेली चूक

दुसऱ्यास शहाणपण सांगणाऱ्याने स्वतःचा दोष झाकू नये. म्हणून हे लिहितो.

आमच्या घराच्या कडेने एक जुनी चर होती. वरच्या दोन शेतांचे पाणी ती ओढ्यास पोचवीत असे. आठ महिने ती कोरडी असे, तीत गवत माजे आणि मुले कचरा टाकीत. सन २०१८ च्या उन्हाळ्यात मुलाने मोटार घेतली व ती ठेवावयास जागा हवी झाली. आम्ही चार ट्रॅक्टर मुरूम आणवून चर बुजविली, वर फरशी केली आणि अंगण प्रशस्त झाले म्हणून समाधान मानले. त्या वर्षी पाऊस बेताचा झाला व काही बिघडले नाही.

सन २०१९ चा पावसाळा वाचकांच्या स्मरणात असेल. त्या वर्षी ऑगस्टमध्ये मुळा-मुठेस मोठे पूर आले. अशाच एका रात्री वरच्या शेतांचे पाणी नेहमीच्या वाटेने आले, वाट बंद दिसली, आणि आमच्या फरशीवरून वळून खालच्या अंगास असलेल्या आमच्या चुलतबंधूंच्या घरामागे जाऊन साचले. त्यांची मागली भिंत मातीत रचलेली होती. पहाटे ती पडली. घरची माणसे पुढच्या सोप्यात निजली होती म्हणून वाचली. वर्षाच्या बेगमीचा इंद्रायणी तांदूळ मात्र भिजून गेला. आमच्या घरात थेंबही आला नव्हता.

सकाळी चुलतबंधू आमच्या दारी आले. भांडण केले नाही, आवाज चढविला नाही. एवढेच म्हणाले, "दादा, भावकीत नकाशा तुम्हालाच वाचता येतो."

आम्ही जन्मभर गावोगावच्या बांधांचे व वाटांचे कागद हाताळले. चर अडविल्याच्या तक्रारींवर टिपणे लिहिली. ह्या चरीबद्दल आम्ही मनाशी असे समजावून घेतले होते की, ती नकाशात दाखविलेली नाही, आपल्याच हद्दीत आहे, सबब ती आपल्या मालकीची. चर आमच्या हद्दीत होती, हे खरे. तिच्यातून जाणारे पाणी आमचे नव्हते. त्याच आठवड्यात फरशी उखडून चर पूर्ववत केली. भिंत आम्ही आमच्या खर्चाने बांधून दिली, ह्या वेळी दगडी जोत्यावर. तांदूळ आमच्याकडचा दिला. चुलतबंधूंनी तो घेतला, पण त्यांच्या घरी जाताना आमची मान अजून थोडी खालीच असते.

७. कायदा काय म्हणतो

पुष्कळ वाचक जमीनधारक आहेत, आणि आमच्या बाजूस रोज जमिनींची खरेदी-विक्री होते. म्हणून हा भाग ध्यानपूर्वक वाचावा.

महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ याच्या कलम २० अन्वये नद्या, ओढे व नाले यांची पात्रे, ती दुसऱ्या कोणाची मालमत्ता नसतील तर, शासनाच्या मालकीची आहेत. गटाच्या आतून ओढा जात असेल तर सातबाऱ्यावर ते क्षेत्र बहुधा पोटखराब म्हणून दिसते. सार्वजनिक वापराच्या वाटा, तळी व ओढे यांखालील पोटखराब हा "ब" वर्गात मोडतो. पोटखराब म्हणजे वाया गेलेली जमीन असे समजून तो बुजविणे ही मोठी चूक आहे. आमच्या मते साऱ्या गटातील ती सर्वांत उपयोगी जमीन होय.

पाण्याची वाट नकाशात नसली, तरी ती अडविण्याची मोकळीक कोणास मिळत नाही. मामलतदार न्यायालय अधिनियम, १९०६ याच्या कलम ५ प्रमाणे, शेतजमिनीवर नैसर्गिकपणे पडणाऱ्या वा उगम पावणाऱ्या पाण्याचा शेजारच्या जमिनीकडे जाणारा किंवा तिकडून येणारा ओघ कोणी बेकायदेशीरपणे अडविला व त्यामुळे जमिनीचे किंवा पिकाचे नुकसान झाले वा होण्याचा संभव असेल, तर तहसीलदारांकडे दावा दाखल करता येतो. ओघ ठरावीक चरीतून असो वा तसाच पसरून वाहणारा असो, दोन्हींस हे लागू आहे. मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा केला पाहिजे. "भावकीतले प्रकरण आहे, पुढे पाहू" असे म्हणत मुदत घालविणारे आम्ही पुष्कळ पाहिले. हा मार्ग शेतजमिनीपुरता आहे. निव्वळ घराच्या नुकसानीबद्दल ग्रामपंचायत व दिवाणी न्यायालय यांचे दार ठोठवावे लागते. त्याआधी शेजाऱ्याचे दार ठोठवावे, ते सर्वांत स्वस्त.

जमीन विकताना तीन गोष्टी कराव्या. भूमि अभिलेख कार्यालयातून गटाच्या नकाशाची नक्कल घेऊन ओढा व चरी त्यावर पडताळून पाहाव्या. खरेदीखतात चतुःसीमा लिहिताना "ओढा" हा शब्द गाळू देऊ नये. आणि पाण्याचा ओघ खरेदीदार पूर्वीप्रमाणे चालू ठेवील, ही अट शब्दांनी लिहून घ्यावी. जमीन विकली तरी तिच्याखालच्या अंगास आपले घर, आपली भावकी व आपले गाव राहतच असते.

हॉलंड देशाची पुष्कळ जमीन समुद्रसपाटीच्या खाली आहे, आणि तेथील लोकांनी शतकानुशतके बांध घालून पाण्याशी झुंज दिली. सन १९९३ व १९९५ मध्ये नद्यांस मोठे पूर आल्यावर त्यांनीही आपले धोरण बदलले; ठिकठिकाणी बांध मागे घेतले व नदीस पसरावयास जागा मोकळी करून दिली. जगात पाणी अडविण्याची विद्या ज्यांस सर्वांत अधिक अवगत, त्यांस जे उमगले, ते आपण शिकण्यास लाजू नये.

८. पाणी घरात आलेच तर

प्रथम विजेचा मुख्य खटका बंद करावा, पण पाण्यात उभे राहून त्यास हात लावू नये. नवे घर बांधताना विजेच्या पेट्या कमरेच्या वर बसवाव्या. सातबारा, आठ-अ, खरेदीखते, मुलांचे दाखले व बँकेची पुस्तके पत्र्याच्या पेटीत मेणकापडात गुंडाळून आधीपासूनच माळ्यावर ठेवावी. धान्याची पोती फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर रचावी. जनावरांचे दावे वेळीच सोडावे.

दिनांक १२ जुलै १९६१ रोजी पानशेत व खडकवासला ही धरणे फुटून मुठेचे पाणी पुण्याच्या पेठांत शिरले, तेव्हा मातीत रचलेले पुष्कळ वाडे कोसळले. त्यावरून एक गोष्ट कायमची ध्यानात ठेवावी. मातीच्या भिंतीस सर्वांत मोठा धोका पाणी उतरताना असतो. पाणी असते तोवर त्याचा दाब भिंतीस बाहेरून टेकू देतो. ते उतरले की भिजून जड झालेली भिंत निराधार होते. म्हणून पूर ओसरला असे पाहून भांडीकुंडी काढण्यासाठी लगेच आत धावू नये. भिंतीस टेकू द्यावे, कौलांचा भार कमी करावा, दारेखिडक्या उघड्या ठेवून वारा खेळू द्यावा. संपूर्ण उन्हाळा खाऊन भिंत वाळल्याशिवाय नवा गिलावा करू नये. वीज सुरू करण्यापूर्वी तारा जाणत्याकडून तपासून घ्याव्या. विहिरीत पुराचे पाणी शिरले असेल, तर ती उपसून औषध टाकल्याखेरीज पाणी पिऊ नये.

नुकसानीची छायाचित्रे मलबा उचलण्यापूर्वी घ्यावी आणि तलाठ्यांस, ज्यांस आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, तत्काळ कळवावे. पंचनाम्यावर सही करण्यापूर्वी तो वाचून पाहावा. भिंत किती लांब, किती उंच, धान्य किती, हे त्यात आले पाहिजे. "पडझड झाली" एवढ्या दोन शब्दांवर मदतीचे प्रकरण पुढे सरकत नाही, हे आम्ही टेबलाच्या त्या बाजूस बसून पाहिले आहे.

९. वर्षाचे वेळापत्रक

माघ-फाल्गुनात भिंती व पाया यांची पाहणी करावी व मोठी कामे सुरू करावी. चैत्रात म्हातोबाची यात्रा आटोपली की छप्पर हाती घ्यावे. अक्षय्य तृतीयेपर्यंत कौले, पत्रे, गच्ची व पन्हळी पुऱ्या व्हाव्या. पूर्वी रोहिणी नक्षत्र निघेपर्यंत सवड मिळे; परंतु सन २०२५ मध्ये मोसमी पाऊस केरळात २४ मे रोजीच पोचला आणि दोन-तीन दिवसांत पुण्यावर आला. पंचांगाच्या भरवशावर शाकारणी लांबविणे आता परवडणारे नाही. वैशाखात सर्व चरी उपसाव्या, आणि त्या आपल्या हद्दीपुरत्या उपसून थांबू नये. वरच्या व खालच्या शेजाऱ्यास बरोबर घेऊन ओढ्याच्या तोंडापर्यंत जावे. पहिला मोठा पाऊस सुरू असताना डोक्यावर इरले वा छत्री घेऊन घराभोवती एक फेरी मारावी. पाणी कोठे अडते, ते त्या अर्ध्या घटकेत जितके स्पष्ट दिसते, तितके कोणत्याही जाणकारास उन्हाळ्यात दिसणार नाही.

ह्या वर्षी आमची चर वैशाखात आम्ही व चुलतबंधू मिळून उपसली. त्यांनी खोरे घेतले, आम्ही पाट्या उचलल्या. वयोमानाने काम सावकाश झाले, पण ओढ्यापर्यंत झाले. वाचकांनीही आपापली चर एकदा शेवटपर्यंत चालून पाहावी, एवढी विनंती करून हा लेख पुरा करतो.